नशिबाच्या नावावर

हिंगोलीहून सेनगावकडे निघालं आणि नरसी मागं पडली, की थोड्या वेळानं डाव्या हाताला एक मुरमाचा रस्ता फुटतो. तो पळसतांड्याला जातो. तिथं जिवनबाईचं घर विचारा. पोरं आधी हसतील आणि मग म्हणतील, "वकीलबाईचं का? ते काय, शेवग्याखालचं."

जिवनबाई दुसरीपर्यंत शिकली. कोर्टाची पायरी तिनं लांबूनसुद्धा पाहिलेली नाही. पण तिला लहानपणापासून एक खोड आहे. घरात कुणी म्हणालं, दूध उतू गेलं, तर ही विचारणार, चुलीपाशी कोण होतं? कुणी म्हणालं, शेळी सुटली, तर ही विचारणार, दावं कुणी बांधलं होतं? लग्न होऊन तांड्यात आली तेव्हा सासूनं पहिल्याच महिन्यात कपाळाला हात लावला होता. एवढी दिसायला नाजूक पोरगी, आणि प्रश्न विचारते फौजदारासारखे!

म्हैस मेली तेव्हाची गोष्ट तर जुनी माणसं अजून रंगवून सांगतात. जिवनबाईचा धाकटा दीर जगन. त्यानं कपाशीला द्यायचा युरिया बादलीत भिजवला आणि बादली गोठ्यात तशीच ठेवून गडी बाजाराला निघून गेला. म्हैस तहानलेली. तिनं बादलीत तोंड घातलं आणि दुपारी पाय ताणून दिले. सगळे जमले, चुकचुकले, म्हणाले, तिची वेळ भरली होती. सासऱ्यानं मान हलवली. जगननंही हलवली, आणि सगळ्यांत जोरात त्यानंच हलवली. तेव्हा डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेत नवी सून हळूच म्हणाली, "वेळ भरली व्हती का बादली?"

जगन तिच्याशी पुढं मरेपर्यंत धड बोलला नाही. पण "बादली मीच ठेवली होती" एवढं मात्र त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. म्हशीचं खापर म्हशीच्याच डोक्यावर फुटलं.

त्या जगनचा पोरगा विकास. बापासारखा घुमा नाही, हसरा आहे, कामाचा आहे, चार माणसांच्या मदतीला धावणारा आहे. त्यानं हळद शिजवायचा बॉयलर घेतला तेव्हा जिवनबाईनं स्वतः त्याला ओवाळलं होतं. हा बॉयलर ट्रॅक्टरमागं ओढून शेताशेतात न्यायचा. मधे पाण्याची टाकी, टाकीखाली भट्टी, बाजूला हळद भरायचे मोठे लोखंडी ढोल. भट्टीत तुराट्या-पऱ्हाट्या कोंबल्या की टाकीत वाफ धरते, ती नळीनं ढोलात जाते आणि ओली हळद शिजते. मग ढोलाचं खालचं झाकण उघडायचं, वाफाळलेली हळद बाहेर ओतायची आणि उन्हात पसरायची. टाकीच्या माथ्यावर एक शिट्टी असते. वाफ फार झाली की ती आपली आपण उचलली जाते आणि जास्तीची वाफ सोडून देते. घरच्या कुकरचंच मोठं भावंड.

गेल्या साली शिमग्याच्या आगेमागे आभाळ भरून आलं. शेताशेतात ओल्या हळदीचे ढीग पडलेले, आणि जो तो विकासच्या मागं लागला. माझं आधी शिजव, माझं आधी शिजव. विकास दोन दिवस झोपला नव्हता. शिट्टी सारखी वाजायची, वाफ निघून जायची, भट्टी पुन्हा फुलवावी लागायची. मग त्यानं युक्ती केली. शेणाच्या गोवऱ्या रचाव्या इतक्या सहज टाकीवर चढला आणि शिट्टीला तारेनं आवळून बांधून टाकलं. आता वाफ वाया जाणार नव्हती. खाली उभ्या माणसांनी ते पाहिलं. एकदोघांना तर ती त्याची हुशारीच वाटली. दुसरा ढोल लवकर शिजला, तिसरा त्याहून लवकर.

चौथ्या ढोलाचं झाकण उघडायला नीता वाकली.

नीता म्हणजे जिवनबाईची सून, दीपकची बायको. कडी सरकवायच्या आतच झाकण उडालं आणि आतली वाफ तिच्या उजव्या हातावर, खांद्यावर, मानेवर आली. ती काय किंचाळली ते सांगण्यात अर्थ नाही. बायका धावल्या, कुणी पाणी ओतलं, कुणी गोधडी आणायला पळालं, दीपक जीप आणायला रस्त्याकडं पळत सुटला. जिवनबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मदतीसाठी वर पाहिलं, तर विकास टाकीवर. सगळे खाली, आणि हा एकटा वर. हातात पक्कड. त्यानं तार तोडली, खाली उतरला आणि ती भट्टीत टाकून दिली.

सून मांडीवर तडफडत होती आणि पुतण्या पक्कड चालवत होता. जिवनबाईला भाजल्याचं दुःख होतंच. पण ती पक्कड तिच्या काळजात जी रुतली, ती रुतलीच.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नीताच्या मांडीची कातडी काढून हाताला लावली. मान बरी झाली, नुसते डाग राहिले. हात राहिला, पण बोटं आत ओढली गेली. मूठ अर्धवट मिटलेली, ती पुरती मिटत नाही आणि पुरती उघडतही नाही. नीता तांड्यातली स्कूटी चालवणारी पहिली सून. सासूला मागं बसवून सेनगावच्या बाजाराला न्यायची, आणि जिवनबाई मागं बसून वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात करायची, जणू काही तिचीच वरात चाललीय. आता ती स्कूटी पत्र्याखाली उभी आहे. तिच्यावर मिरच्यांचं पोतं ठेवलंय. उजव्या हाताशिवाय ती गाडी चालत नाही, आणि डाव्या हातानं थापलेली नीताची भाकरी एका बाजूला नेहमी जाड होते.

हे झालं हाताचं. आता लोकांच्या तोंडाचं ऐका.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? विकास पुढं होऊन म्हणाला, "अपघात झाला साहेब." तांड्यात परत आल्यावर नायक फुलसिंग भेटायला आला. तांड्याचा नायक म्हणजे मोठा माणूस, चार भांडणं मिटवणारा. तो खाटेवर बसून म्हणाला, "नशिबात व्हतं, कोन काय करनार?" त्याची बायको मोतीबाई म्हणाली, नजर लागली पोरीला, लई मिरवत व्हती गाडीवर. नीताची आई आली, ती रडत म्हणाली, मागल्या जन्माचा भोग. आणि दीपक, ज्याची ती बायको, तो खाली बघून म्हणायचा, "झालं आता. जाऊ दे ना याडी."

तांड्यात आईला याडी म्हणतात. सुनाही सासूला तेच म्हणतात.

एका हाताला एवढी नावं मिळाली. जिवनबाई ती रोज ऐकत होती आणि आतून उकळत होती. एवढ्या नावांमध्ये विकासचं नाव कुठंच नव्हतं. तारेचं नव्हतं. जे केलं ते एका माणसानं, एका घटकेत, स्वतःच्या हातानं. आणि ते आयुष्यभर वागवायचं दुसरीनं. वर ते नशिबाच्या नावावर चढवून सगळे मोकळे! नशीब बिचारं काही येऊन सांगणार आहे का, की बाबांनो, मी त्या दिवशी तिथं नव्हतो?

"त्याला म्हण ना एकदा," ती दीपकला म्हणायची. "भाऊ हाय तुझा. म्हण, तार तू बांधलीस."

"म्हणून काय हात सरळ व्हनार हाय?"

"न्हाई व्हनार."

"मंग? आपल्या वावराची वाट त्याच्या बांधावरून जाती. उद्या त्यानं काटे टाकले म्हंजे?"

दीपकचंही खोटं नव्हतं. वाटेसाठी भाऊ भावाचं डोकं फोडतो ते जिवनबाईनं पाहिलेलं होतं. ती गप्प बसायची. पण ती गप्प बसली की घरातली भांडी बोलायची. ताटली आदळायची, तांब्या आदळायचा.

वर्ष असं गेलं. यंदाची हळद निघाली. विकासनं बॉयलर बाहेर काढला, धुतला, टाकीला शेंदरी रंग मारला. आणि एका संध्याकाळी मोतीबाई जिवनबाईच्या अंगणात येऊन बसली. आली तीच पदराशी चाळा करत.

"जिवन, एक बोलायचं व्हतं."

"बोल की. तू कधीपासून विचारून बोलाय लागलीस?"

"परवा बॉयलर पेटून राहिला. तर नीताला घरीच राहू दे."

"काहून? तिला आराम पडावा म्हणून?"

"तसं न्हाई गं." मोतीबाईनं आवाज उतरवला. "पहिला दिवस. गेल्या साली तिच्याच हातून तसं झालं. बायका म्हणून राहिल्या..."

"काय म्हणून राहिल्या?"

"तिचा पाय बरा न्हाई म्हनतेत."

जिवनबाई सूप बाजूला ठेवून उठली. "पाय बरा हाय तिचा. हात बरा न्हाई. तुमाला हात आन् पाय बी वळखू येईना व्हय?"

"माझ्यावर काहून चिडती? मी काय माझ्या मनचं सांगून राहिले?"

"मंग कुणाच्या मनचं? नाव सांग. बायका बायका करू नको. तांड्यातल्या समद्या बायका मला ठाव्या हायत."

मोतीबाईनं नाव सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की ढोलाच्या झाकणाशी यंदा मीना उभी राहणार आहे. मीना म्हणजे तिच्याच पुतणीची पोरगी, नुकती बारावी झालेली, नळावर हंडा उचलतानासुद्धा गाणं म्हणणारी.

मोतीबाई गेली. नीता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रडली नाही, चिडली नाही. तो वाकडा हात पोटाशी धरून ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या याडी. मी न्हाई येत. माझंच नशीब खराब."

त्या क्षणी जिवनबाईच्या डोक्यात काय झालं ते तिलाच ठाऊक. नायक म्हणाला ते तिनं सोसलं होतं. विहीण म्हणाली तेही सोसलं. पण हे सुनेच्या तोंडून? आता हिनंही तो शब्द स्वतःच्या हातानं स्वतःच्या अंगावर घ्यायचा? चोरी झाली ती हिच्या घरी आणि चोर म्हणून बसायचं तेही हिनंच?

"पुन्हा ते म्हणशील तर तोंडात मारीन," जिवनबाई म्हणाली. आणि लगेच तिच्या केसांवरून हात फिरवला, कारण नीताला तिनं आजवर कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती जीपनं सेनगावला गेली. रागात असली तरी खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. तिला एक खात्री करून घ्यायची होती. समजा तो ढोलच गंजलेला असला तर? समजा झाकण तसंही उडणारच असलं तर? मग विकासच्या मागं लागणं बरोबर नाही.

मकबूल वेल्डरचं दुकान बसस्टँडपासून जवळ. आसपासच्या सगळ्या बॉयलरची डागडुजी तोच करतो. जिवनबाईला पाहून त्यानं डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर चढवला आणि स्टूल पुढं सरकवलं. जिवनबाईला तो खाला म्हणतो, म्हणजे मावशी.

"बसा खाला. चाय सांगू?"

"चाय नको. एक विचारते, बराबर सांग. ईकासचा ढोल जुना झाला व्हता म्हणून झाकण उडालं का?"

मकबूलनं इकडंतिकडं पाहिलं. "ढोल को कुछ नई हुआ था. कडी वाकली व्हती, ती मीच सरळ केली. आतून तेवढा जोर आल्यावर कडी काय करील बिचारी? शिट्टी मोकळी असती तर वाफ वरून निघून गेली असती."

"म्हंजे नशीब न्हाई."

"नशीब माझ्याकडं वेल्डिंगला येत न्हाई खाला. लोखंड येतं."

जिवनबाईला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. मकबूल मात्र हसला नाही. त्यानं आवाज अजून खाली आणला. "यंदा नवी शिट्टी बसवून दिली त्याला. म्हनलं, हिला हात लावू नको. तर हसला. म्हनला, घाई असली की बघू." मग तो हात जोडून म्हणाला, "लेकिन मेरा नाम मत लेना. हे समदे बॉयलरवाले माझेच गिऱ्हाईक."

"तुझं नाव घिऊन मी काय करू? मला त्याचं नाव पायजे, आन् ते त्याच्याच तोंडून."

परतीच्या जीपमध्ये ती दाटीवाटीनं बसली होती, पण तिला कुणी दिसत नव्हतं. घाई असली की बघू. म्हणजे एका हातानं त्याचं भागलं नव्हतं. आता मीना. तीही वाकेल, झाकण उडेल, आणि नायक खाटेवर बसून तेच म्हणेल. तांड्यात नशिबाला काय तोटा आहे!

बॉयलर पेटायचा त्या सकाळी आभाळ पुन्हा कळकटलं होतं. फुलसिंग नायकाच्याच वावरात काम होतं. हळदीचा ढीग, भट्टीत रचलेल्या तुराट्या, शेंदरी टाकी, नारळ, अगरबत्ती. पळसतांड्यात एक रीत आहे. पूर्वी मोठ्या कढईत हळद शिजवायचे तेव्हापासूनची. हळदीची पहिली पाटी ढोलात तांड्यातल्या सगळ्यांत जुन्या सुनेनं टाकायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. आता सगळ्यांत जुनी सून म्हणजे जिवनबाई.

ती आली. आणि तिच्यासोबत नीता आली, डावा हात सासूच्या हातात देऊन. बायकांची कुजबुज थांबली. मोतीबाईनं तोंड दुसरीकडं फिरवलं. दीपक मागून येत होता, पाय ओढत, जणू त्यालाच कुणी धरून आणलंय.

विकासनं नारळ फोडला, भट्टी पेटवली, सेवालाल महाराजांचा जयजयकार झाला. मीनानं पाटी भरून जिवनबाईच्या पुढं धरली. जिवनबाईनं पाटी घेतली, खाली ठेवली आणि स्वतः हळदीच्या ढिगावर फतकल मारून बसली.

"काय झालं काकी? कंबर धरली का?" विकासनं विचारलं.

"कंबर बरी हाय. मी पाटी टाकत न्हाई."

"काहून?"

"तू सांगितल्याबिगर टाकत न्हाई. गेल्या साली शिट्टी कुणी बांधली ते सांग. मंग टाकते."

विकासचा चेहरा टाकीच्या रंगाचा झाला. फुलसिंग नायक काठी टेकत पुढं आला. त्याला थोडं कमी ऐकू येतं, आणि नको ते तर मुळीच ऐकू येत नाही. "काय म्हनती ही?"

जिवनबाईनं रीतीप्रमाणं नायकासमोर पदर पुढं ओढला आणि पदराआडून मोठ्यानं म्हणाली, "म्हनते, गेल्या सालची तार कुणाची?"

"जुनं काहून उकरती जिवन? नशिबापुढं..."

"नायक, तुमचं नशीब टाकीवर चढतं व्हय? त्याला पक्कड लागती?"

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. विकास तडकला.

"तुमालाच घाई झाली व्हती! समद्यांनी माझा जीव खाल्ला. माझं आधी, माझं आधी! काकी, तू बी म्हनली व्हतीस, लवकर कर."

"म्हनले व्हते," जिवनबाई म्हणाली. "माझी बी हळद उघड्यावर व्हती. लवकर कर म्हनले, ते माझं. ते मी कुणाच्या नशिबावर टाकत न्हाई. पर तार बांध म्हनले न्हाई. ते तुझं. तुझं तू घे."

वारा सुटला. नायकानं आभाळाकडं पाहिलं, मग हळदीकडं, मग हळदीवर बसलेल्या बाईकडं. "अगं, पानी यील! माझी हळद भिजंल!"

"भिजली तर म्हना नशीब."

आता बायकाच चुळबुळ करू लागल्या. मोतीबाई म्हणाली, दुसऱ्या कुणीतरी टाका की पाटी. पण पुढं कुणी आलं नाही. रीत मोडायला कुणाला धीर होत नव्हता, आणि खरं सांगायचं तर विकास काय म्हणतो ते सगळ्यांनाच ऐकायचं होतं. ती तार तिथल्या बऱ्याच डोळ्यांनी पाहिली होती.

जिवनबाईनं ट्रॅक्टरकडं बोट केलं. सीटच्या मागं नव्या तारेचं वेटोळं अडकवलेलं होतं. "ती कशाला आणली?"

"लागती कशाला तरी."

"कशाला?"

मीना ढोलाशी उभी होती. तिनं एकदा तारेकडं पाहिलं, एकदा नीताच्या हाताकडं, आणि ती ढोलापासून चार पावलं मागं सरकली.

तेव्हा दीपक पुढं झाला. हा तोच दीपक, ज्याला बांधावरच्या वाटेची काळजी. त्यानं ते वेटोळं काढलं, पेटत्या भट्टीकडं गेला, थांबला, आणि मग तिथं न टाकता नायकाच्या पायांशी आणून ठेवलं. "हितं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "समद्यांना दिसंल असं." जिवनबाईनं लेकाकडं असं पाहिलं, जसं काही तो आजच जन्मला.

विकास खाली बसला. डोक्याला हात लावून बसला. मग बोलला, ते मातीशीच बोलल्यासारखं. "मला वाटलं न्हवतं असं व्हईल. आधी दोनदा बांधली व्हती, काय झालं न्हवतं. म्हनलं आता सांगितलं तर कोन हळद आनंल माझ्याकडं? कोन पोरगी दील मला?"

"आन् पक्कड?" जिवनबाई म्हणाली. "पोरगी जळत व्हती आन् तू पक्कड घिऊन वर चढलास. ते कशानं?"

"भ्यालो काकी."

"मंग सांग."

"तार मी बांधली."

"मोठ्यानं. नायकाला कमी ऐकू येतं."

"तार मी बांधली व्हती!" विकास ओरडला. बांधावरची बगळ्यांची जोडी उडाली. "मी बांधली, मीच तोडली, आन् भट्टीत टाकली! झालं?"

फुलसिंगनं घसा खाकरला, काही तरी नायकासारखं बोलायला हवं म्हणून. पण त्याचा तो नेहमीचा शब्द आज हाताशी नव्हता. मोतीबाई उगाच पाटीतली हळद वरखाली करत बसली. कुणी विकासला मारलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. वर्षभर विकास ज्याला एवढा भ्याला, ते एवढंच होतं.

जिवनबाईला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. तो उतरला नाही. उलट तिला नव्यानं संताप आला. एवढंच बोलायचं होतं, तर वर्षभर पोरीला नशिबाची कपाळकरंटी कशाला करून ठेवली? दोन शब्द, आणि ते ओढून काढायला म्हाताऱ्या बाईला ढिगावर बसावं लागलं?

विकास उठून कपडे झटकू लागला. काम संपल्यासारखा. पाटीकडं बोट करून म्हणाला, "टाक आता काकी."

"थांब." जिवनबाई उठली नाही. "मला सांगितलंस. नायकाला सांगितलंस. साऱ्या वावराला सांगितलंस. हिला कुठं सांगितलंस?"

नीता ढोलाच्या आडोशाला उभी होती. विकास तिच्याकडं वळला, पण बघितलं त्यानं तिच्या पायांकडं.

"वर बघ," जिवनबाई म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. तिच्या मानेवरचे डाग पाहिले, तो हात पाहिला. बहुतेक वर्षभरात पहिल्यांदाच.

"वहिनी, तार मी बांधली व्हती. तुमचं काय बी चुकलं न्हाई."

नीतानं त्याला ‘असू द्या’ म्हटलं नाही. ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही. पदर डाव्या हातानं कमरेला खोचला.

"ऐकलं," ती म्हणाली. "आता भट्टीतल्या तुराट्या कमी करा, जाळ लई झालाय. आन् मीना, तू झाकणासमोर उभी राहू नको. हिकडं बाजूला ये. मी दावते कसं उघडायचं ते."